नातीला फोन आला तेव्हा
(संकष्टीच्या आरतीनंतर सभामंडपात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण)

चंद्रोदय झालाय, सगळ्यांना भूक लागलीय, थोडक्यात सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला फोन आला. कॉलेजात असताना तिनं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून एनएमडीपीच्या रजिस्टरमध्ये नाव घातलं होतं. आता रक्ताच्या कर्करोगाच्या एका पेशंटशी तिचं जुळलं होतं. मी लगेच म्हटलं, "नको गं बाई, अजून लग्न व्हायचंय तुझं. अशक्तपणा येईल."

ती दोन दिवस गप्प होती. मग मला समोर बसवून म्हणाली, "आजी, पेशंटला आधी जबर औषधं देऊन त्याची स्वतःची अस्थिमज्जा संपवतात. त्यानंतर मी मागे फिरले तर तो वाचणं कठीण. नाही म्हणायचं तर आजच म्हणायला हवं." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास मशीनजवळ. एका हातातून रक्त जातं, मूळपेशी वेगळ्या होतात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. अंग दुखलं तिचं, पण आठवड्याभरात कामावर गेली. काही दात्यांच्या बाबतीत भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. तीही शरीर पुन्हा भरून काढतं.

हे जुळणं रक्तगटाचं नव्हे. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी आपण अक्षता टाकतो! इथे आठपैकी आठ खुणा जुळल्या तर उत्तम. त्या निम्म्या आईकडून, निम्म्या वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. नाहीतर परक्यात शोधायचं, आणि तो परका बहुधा आपल्याच वंशातला निघतो. अमेरिकेत गोऱ्या पेशंटला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के, आशियाई पेशंटला ४७.

नाळेतल्या रक्ताला जुळणी थोडी कमी असली तरी चालते. १९८८ साली पॅरिसमध्ये पाच वर्षांच्या मुलाला नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं, ते असं पहिलं रोपण. एका नाळेत पेशी थोड्या, त्यामुळे लहान मुलांना जास्त उपयोग. घरात डोहाळजेवण ठरलं की तेव्हाच डॉक्टरांना सार्वजनिक नाळरक्त बँकेबद्दल विचारा. सगळ्या हॉस्पिटलांत ती सोय नसते.

आपलं वय गेलं. नोंदणी १८ ते ४० वयात होते. पुढच्या रविवारी आरतीनंतर इथेच टेबल मांडू, पैसे लागत नाहीत. नातवंडांना घेऊन या, आणि फोन आला तर माझ्यासारखं "नको गं" म्हणू नका.