आमच्या बारा नोंदी आणि लांडगा कोळी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कोळ्यावर बोलावयास आम्ही उभे राहिलो, हे पाहून काहींच्या मुखावर उमटलेले स्मित आमच्या नजरेतून सुटलेले नाही. आम्ही प्राणिशास्त्राचे अभ्यासक नव्हे. बी. ए. झालो तेही इतिहास घेऊन, आणि पुढची तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली चाळण्यात गेली. परंतु आज जे सांगावयाचे आहे ते फायलींच्याच जातीचे आहे. एक चुकीची नोंद, तिच्यावर न पाहता पडलेली सही, आणि मग तिची दुरुस्ती.

आपल्यातील तरुण मंडळींना आयनॅचरलिस्ट ही संगणकावरील निसर्गनोंदवही परिचित असेल. २००८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून ती जन्मास आली. कोणीही दिसलेल्या जिवाचे छायाचित्र, स्थळ व तारीख नोंदवावी, आणि इतरांनी आपापले मत द्यावे. किमान दोघांची मते पडली आणि दोनतृतीयांशांहून अधिक मते एका जातीवर जुळली, की नोंद 'संशोधनयोग्य' ठरते आणि जागतिक जैवविविधतेच्या सामायिक भांडारात जाऊ शकते. कोणता जीव कोठे आढळतो याचे नकाशे अभ्यासक तेथील माहितीवरून काढतात. म्हणजे आमच्यासारख्या हौशी माणसाने वाराणसीत केलेली चूक कोठे तरी दूर नकाशावरचा एक ठिपका होऊन बसते.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या सरकारी वसाहतीतील हिरवळीवर सकाळी दवाने भिजलेली जाळी दिसत, जणू कोणी हातरुमाल वाळत घातले आहेत. प्रत्येक जाळ्याच्या कडेला नरसाळ्यासारखे एक भोक आणि त्याच्या तोंडाशी दबा धरून बसलेला तपकिरी कोळी. भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेताच यंत्राने नावे सुचविली. पहिले नाव नरसाळे विणणाऱ्या अ‍ॅगेलिना कोळ्यांपैकी एकाचे होते. नरसाळे तर डोळ्यांसमोरच होते! आम्ही ते नाव स्वीकारले. नागपूरच्या आमच्या भाच्याने 'मामा म्हणतात म्हणजे बरोबरच असणार' या न्यायाने अनुमोदन दिले, आणि नोंद संशोधनयोग्य झाली. उत्साहाच्या भरात आम्ही अशा आणखी अकरा केल्या.

काही महिन्यांनी दक्षिणेकडील एका अपरिचित विद्यार्थ्याने नम्रपणे लिहिले, 'सर, चौथ्या छायाचित्रात मादीच्या पाठीमागे गोळी दिसते आहे, ती कृपया पाहावी.' खरे सांगावयाचे तर प्रथम राग आला. ज्याचे वय आमच्या नोकरीच्या वर्षांहून कमी, त्याने आमच्या शेऱ्यावर शेरा मारावा! दोन दिवस आम्ही उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी छायाचित्र मोठे करून पाहिले. गोळी होती. अंड्यांची ती पिशवी मादीने उदराच्या टोकाशी, जेथून रेशीम निघते तेथे, चिकटवून घेतली होती.

हे लांडगा कोळ्याच्या कुळाचे, लायकोसिडीचे, लक्षण. या कुळातील माता पिशवी मागे बांधूनच हिंडते आणि पिले बाहेर आली की त्यांना पाठीवर घेते. अ‍ॅगेलिनाची माता पिशवी अशी मिरवीत नाही. डोळेही निराळे. लांडगा कोळ्याचे आठ डोळे तीन ओळींत असतात. खाली चार बारके, त्यावर दोन मोठे टपोरे, आणि त्यांच्या मागे वरच्या बाजूस आणखी दोन. अ‍ॅगेलिनाचे आठही डोळे साधारण सारखे.

मग जाळे कसे? लांडगा कोळी तर बहुतांशी जाळे न विणता धावून भक्ष्य धरतो. येथेच आमची फसगत झाली. याच कुळातील हिपासा नावाची प्रजाती नरसाळ्याचे जाळे विणते, आणि ती आपल्या देशातील हिरवळींवर सर्रास आढळते. या फसव्या साम्याची साक्ष शास्त्रीय नावांतच आहे. युजीन सिमाँ या फ्रेंच पंडिताने १८८४ मध्ये एका जातीस 'अ‍ॅगेलिनासारखा' अशा अर्थाचे 'अ‍ॅगेलेनॉइडिस' हे नाव दिले. ती जात आज हिपासातच गणली जाते. ते नाव आम्ही आधी वाचले असते तर! आपल्याकडील लांडगा कोळ्यांवर ग्रेव्हली यांनी १९२४ मध्ये लिहिले, आणि १९८० मध्ये टिकादर व मल्होत्रा यांचा ग्रंथ भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने काढला. साधन नव्हते असे म्हणावयास आम्हांस जागा नाही.

चूक उलट दिशेनेही होते. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडील जुन्या वाड्यांच्या भिंतींवर रात्री जो हाताच्या पंजाएवढा चपटा कोळी दिसतो, ज्याला पाहून आमची सौभाग्यवती केरसुणी उचलते, त्याची नोंद लोक लांडगा कोळी म्हणून करतात. त्याचे पाय खेकड्यासारखे बाजूस पसरलेले असतात आणि मादी आपली चपटी पिशवी पोटाखाली धरते. ते कूळच वेगळे. आणि 'टॅरँटुला' हे नाव मुळात इटलीतील टारँटो शहराजवळच्या लांडगा कोळ्याचे. पुढे ते थोराड केसाळ कोळ्यांकडे गेले आणि मूळ मालक बाजूस पडला.

नावाचा घोळ माणसालाही बाधतो. शेजारच्या मुलाच्या कमरेवर फोड उठले तेव्हा येथील मंडळी म्हणाली, 'मकड़ी मल गई', आणि लगेच घरातील सारे कोळी झाडून मारले गेले. आमच्या घरी म्हणाले, नागीण. डॉक्टरांनी सांगितले, विषाणू. त्या कोळ्यांचा फोडांशी काडीचा संबंध नव्हता. लूताविषाचा विचार सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात आहे, आणि सुश्रुताचे गुरू काशिराज दिवोदास. तेव्हा कोळ्याचे भय या नगरीत जुने आहे, इतकेच म्हणू.

आता दुरुस्तीविषयी. सरकारी खतावणीत चूक खरडून काढावयाची नसते. एक रेघ मारून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी आद्याक्षरे करावयाची. या नोंदवहीतही मागे घेतलेले मत पुसले जात नाही, रेघ मारलेले दिसत राहते. आम्ही बाराही नोंदींवर रेघा ओढल्या. मात्र नवे नाव लिहिताना जातीपर्यंत गेलो नाही. या कोळ्यांची जात पुष्कळदा प्रौढ कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. म्हणून स्पष्ट छायाचित्रांवर 'हिपासा' लिहिले, अस्पष्टांवर नुसते कूळ.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या मुलांना घेऊन आम्ही गंगेपलीकडील रेतीत गेलो. विजेरी डोळ्यांच्या पातळीवर धरली की लांडगा कोळ्याचे डोळे हिरवट चमकतात. मुलांनी रेतीत असे पुष्कळ ठिणगे शोधले. एका नऊ वर्षांच्या मुलाने मोठ्या अभिमानाने 'टॅरँटुला' नोंदविला होता. दुरुस्ती सांगताच त्याचे डोळे भरून आले. तेव्हा आम्ही त्यास आमच्या बारा रेघा दाखविल्या. त्याने त्या एक एक मोजल्या आणि विचारले, 'काका, बारासुद्धा?' मग आपली रेघ त्याने स्वतःच मारली.

बारांपैकी अकरा नोंदी मार्गी लागल्या. पहिली तेवढी अडली आहे. विद्यार्थ्याचे व आमचे मिळून दोन मते हिपासाला, आणि भाच्याचे एक अजून अ‍ॅगेलिनाला. तिघांत दोन म्हणजे नेमके दोनतृतीयांश होतात, आणि नियम 'त्याहून अधिक' असा आहे. भाचा म्हणतो, नोंदवहीचा परवलीचा शब्दच विसरलो. दिवाळीला नागपूरला जाणार आहोत, तेव्हा त्याला समोर बसवून तो शब्द शोधविणार आहोत.