दुर्बीण घेताना आधी पाय बघा

दुर्बीण घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पट मोठं दिसतं?" आज मी त्याच्या आधीचा प्रश्न विचारणार आहे. ती उभी कशावर राहते?

हिशोब सोपा आहे. आकाशात गुरूचं बिंब साधारण 40 विकला एवढं दिसतं. दुर्बीण 1 कला, म्हणजे 60 विकला हलली, तर गुरू स्वतःच्या दीडपट अंतर इकडेतिकडे उडतो. ही थरथर नुसत्या डोळ्याला कळतही नाही. पण 100 पट मोठं करून बघताना थरथरही 100 पट मोठी होते. मग पट्टे कुठले दिसणार? मुलगा दोन रात्री बघतो, कंटाळतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. आपल्याला वाटतं, मुलाला आवड नाही. दोष बहुतेक वेळा तिपाईचा असतो.

म्हणून घेण्याआधी एक परीक्षा करा. नळीवर हलकी टिचकी मारा आणि आयपीसमधून बघत सेकंद मोजा. एक-दोन सेकंदांत चित्र स्थिर झालं तर उत्तम. पाच-सहा सेकंद लागले, तर फोकस करताना दर वेळी तेवढं थांबावं लागेल.

घरात अशी दुर्बीण आधीच असेल तर? तिपाईचे पाय पूर्ण आत घ्या आणि स्टुलावर बसून बघा. एकाच जाडीचा दांडा लांबीला दुप्पट केला, की तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. सगळे स्क्रू घट्ट करा. मधोमध वजनाची पिशवी अडकवा, पण ती झुलू देऊ नका. पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवा, कंप लवकर जिरतो. गच्चीवर स्लॅबच्या मध्यभागी उभे राहू नका, कोणी चाललं तरी चित्र हलतं. खाली अंगणात जागा असेल तर फारच छान. आणि सुरुवात कमी पटीच्या आयपीसने करा.

स्थिरपणाला पैसाच लागतो असंही नाही. वेदांत मठात 1944 ते 1967 संन्यासी म्हणून राहिलेले जॉन डॉब्सन यांनी प्लायवूडची ठेंगणी पेटी हाच आधार केला. उंच पायच नाहीत, मग डुलणार काय? आज जगभरचे हौशी निरीक्षक त्यांच्या नावाची 'डॉब्सोनियन' वापरतात.

तेव्हा दुकानात गेलात, की आधी टिचकी मारा, मगच किंमत विचारा.