जंतूंचे काम आणि आपले काम



ड्रायक्लीनिंगला आणि यंत्रांवरचे वंगण धुण्याला वापरतात ते टेट्राक्लोरोएथीन जमिनीत मुरले की विहिरींचे पाणी नासवते. अमेरिकेतील इथाका गावच्या मैल्याच्या गाळातून कॉर्नेल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक जंतू वेगळा काढला व १९९७ साली तो जाहीर केला. आपण प्राणवायूवर श्वसन करतो. हा पठ्ठ्या या विषावर करतो! त्यातले क्लोरीनचे चार अणू तो एकेक करून काढतो. चारही निघाले की उरते एथिलीन, पिकत्या केळ्यांतून निघतो तोच वायू. पण तिसऱ्यावरच काम अडले, तर उरते व्हिनाइल क्लोराइड, आणि ते कर्करोग करणारे! तेव्हा जंतू आहेत म्हणून विष खुशाल सोडावे, हा हिशेब खोटा. काम तडीस गेले की नाही, हे पाणी तपासून पाहणे आपल्याकडेच राहते.