फुफ्फुसातील स्निग्ध थर आणि शरीराची संरक्षक यंत्रणा



२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. जे वाचले, त्यांपैकी अनेकांची फुफ्फुसे कायमची दुबळी झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी वायुपीडितांच्या फुफ्फुसांचा अभ्यास केला. पुढे काही पीडितांच्या रक्तात या वायूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली.

परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणे, हे संरक्षक यंत्रणेचे नित्याचे कार्य होय. मात्र हीच यंत्रणा स्वतःच्या शरीरावर उलटली, म्हणजे स्वयंप्रतिकार विकार उद्भवतो. फुफ्फुसाच्या अशा एका विकारात स्निग्ध पदार्थांना महत्त्वाचे स्थान आहे.

फुफ्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक पातळ थर असतो. त्याचा सुमारे ९० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. जुना झालेला थर गिळून पचविण्याचे काम तेथील भक्षक पेशी करतात. त्यासाठी त्यांना ‘जीएम-सीएसएफ’ नावाच्या प्रथिनाचा संदेश लागतो. काही व्यक्तींच्या शरीरात या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात व संदेश खुंटतो. मग भक्षक पेशींना आतील कोलेस्टेरॉल बाहेर टाकता येत नाही. त्या फुगतात, निकामी होतात आणि वायुकोश दुधाळ द्रव्याने भरून जातात. रुग्णाला धाप लागते. या रोगाचे प्रथम वर्णन १९५८ मध्ये झाले. प्रतिपिंडांचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लावला.

हा रोग विरळा आहे. दर दहा लाख लोकांत त्याचे सुमारे सात रुग्ण असतात. भोपाळच्या वायूमुळे तो होतो, असे सिद्ध झालेले नाही. तूप वा तेल खाल्ल्यानेही तो होत नाही, कारण हा थर फुफ्फुसातील पेशीच तयार करतात. म्हणून केवळ पथ्यावर विसंबून उपचार लांबविणे घातक ठरते. भूल देऊन एकेक फुफ्फुस मिठाच्या पाण्याने धुणे हा यावरील प्रस्थापित उपचार आहे. याच प्रथिनाचा श्वासावाटे वापरही उपयुक्त ठरला आहे.

या रोगाची गणना पुष्कळदा क्षयरोगात होते, ही खरी अडचण आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास थुंकीची तपासणी अवश्य करावी. तीत क्षयाचे जंतू न आढळता धाप वाढतच असेल, तर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. वायुपीडित वस्तीत प्रत्येक धाप ‘जुन्या वायूची’ म्हणून सोडून देणे जितके अन्यायाचे, तितकेच त्या वायूने केलेली हानी नाकारणेही अन्यायाचे. धूम्रपान व दगडाची धूळ यांपासून सर्वांनीच दूर राहावे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी गावोगावी ही माहिती पोहोचविल्यास अनेक रुग्णांना योग्य निदान वेळेवर लाभेल.