वेळापत्रकात खानदेश कुठे?



आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या कार्यालयांत एक तक्ता असतो. तेथील मंडळी त्याला ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ म्हणतात. एका बाजूला आठवड्याचे सात दिवस, दुसऱ्या बाजूला चोवीस तास. अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक चौकोन धरला, तर आठवड्याचे ३३६ चौकोन होतात. प्रेक्षकाच्या दृष्टीला हा तक्ता कधी पडत नाही. परंतु कोणत्या घराला काय, केव्हा आणि कोणत्या भाषेत मिळणार, याचा निर्णय त्याच्यावरच होतो. आजचा विषय आहे तो हा तक्ता, आणि त्यातील जळगाव-धुळ्याचे स्थान.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी दिवसाचे प्रक्षेपणच काही तासांचे. त्या थोड्या तासांत ‘आमची माती आमची माणसं’साठी जागा होती, मुलांसाठी होती, नाट्यसंगीतासाठी होती. वेळ थोडा होता, म्हणून तो जपून वाटला जाई. पुढे १९९४ मध्ये मराठीची उपग्रहवाहिनी आली. तीच आजची सह्याद्री. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही विनाशुल्क थेट-घरपोच सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आज ‘फ्री डिश’ नावाने ती देशातील ४ कोटींहून अधिक घरांत असल्याचे अंदाज आहेत. २६ मे २०१५ रोजी किसान वाहिनी आली, २०१७ मध्ये शिक्षणाच्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या आल्या, २०२० मध्ये इयत्तावार ‘पीएम ई-विद्या’ वाहिन्या आल्या. वाहिन्यांचा दुष्काळ संपला, हे निःसंशय स्वागतार्ह आहे.

मात्र या सुकाळात एक गोष्ट हातून निसटली. जुन्या व्यवस्थेत गावोगावच्या मनोऱ्यांवरून प्रक्षेपण होई. एका प्रक्षेपकाचा पल्ला मर्यादित असल्याने त्या पल्ल्यापुरता वेगळा कार्यक्रम दाखवता येत असे. २००० नंतरच्या दशकात कृषिविस्ताराच्या योजनेत देशातील १८० प्रक्षेपण केंद्रांवरून असे परिसरापुरते कृषी-कार्यक्रम देण्याची व्यवस्था उभी केली गेली, ती याच बळावर. पुढे २०२२ पर्यंत मोजके अपवाद वगळता जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले. उपग्रहाला तालुका कळत नाही. त्याचा एकच संदेश सावंतवाडीलाही पडतो आणि रावेरलाही. म्हणजे पूर्वी जे स्थानामुळे मिळत होते, ते आता वेळेतून द्यावे लागणार आहे. खानदेशापुरता मनोरा उरला नसेल, तर खानदेशापुरता चौकोन तरी हवा. साऱ्या प्रश्नाचा गाभा एवढाच आहे.

हा चौकोन कोणत्या वेळी असावा? मुंबईच्या रूढ कल्पनेनुसार रात्री आठ ते दहा ही सर्वोत्तम वेळ. ती शहरातील नोकरदार घरासाठी खरी आहे. परंतु यावल-रावेरच्या केळीउत्पादकाला कृषिपंपाची वीज पाळीने मिळत आली. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात रात्री तो बागेत असतो. शिंदखेडा-पारोळ्याकडे कापूस वेचणीला जाणारी माउली सकाळीच घर सोडते, दिवेलागणीला परतते आणि चुलीपाशी बसते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी सारे घर सावलीला असते. त्या महिन्यांत दुपारची वेळच खानदेशची खरी ‘प्राइम टाइम’ ठरते. ऋतूप्रमाणे घरचे घड्याळ बदलते. तक्ताही बदलायला हवा.

विषयांचेही तसेच आहे. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास. पावसाळ्यात करपा, थंडीत वाढ खुंटणे, उन्हाळ्यात वादळी वारे, असा केळीचा क्रम ठरलेला आहे. कुकुंबर मोझॅक विषाणूचा प्रादुर्भाव दिसताच रोगट रोप उपटून नष्ट करावे लागते आणि मावा आवरावा लागतो. हा सल्ला पंधरा दिवस उशिरा पोहोचला तर त्याचा उपयोग नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे अपरिमित नुकसान केले. हंगामपूर्व लागवड टाळा, पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, या तीन सूचना वर्षाच्या तीन वेगळ्या काळांत सांगायच्या आहेत. त्या एकाच दिवशी एकत्र सांगितल्या तर माहिती दिल्याचे समाधान मिळेल, पीक वाचणार नाही.

यावर उपाय डिजिटल व्यवस्थेतच आहे. ‘स्वयंप्रभा’च्या रचनेत दररोज किमान चार तासांचा नवा आशय द्यायचा आणि तो आणखी पाच वेळा दाखवायचा, असे तत्त्व ठरले. चार सक सहा चोवीस, दिवस भरला. सकाळी सहाला सुरू झालेला गट दहाला, दुपारी दोनला, सायंकाळी सहाला, रात्री दहाला आणि पहाटे दोनला पुन्हा येतो. यात एक मर्म आहे. गटात साडेसहाला ठेवलेला कार्यक्रम सायंकाळीही साडेसहालाच येईल. आठला ठेवलेला मात्र दुपारी बारा, चार आणि रात्री आठलाही येईल. म्हणजे गटातील स्थान बदलले की प्रेक्षकवर्ग बदलतो. नव्या मराठी सार्वजनिक वाहिनीची आखणी कधी झाली आणि तिच्या अशा गटात खानदेशाला रोज अर्धा तास दिला, तर आठवड्यास साडेतीन तासांची निर्मिती पुरेल; सहा फेऱ्यांत ती २१ तास दिसेल. १६८ तासांच्या आठवड्यातील हा आठवा हिस्सा होतो. मागणी अवाजवी नाही.

परदेशातील एक उदाहरण उद्बोधक आहे. ब्रिटनच्या बीबीसीने २००२-०३ मध्ये नव्या डिजिटल वाहिन्या काढल्या, तेव्हा लहान मुलांच्या ‘सीबीबीज’ची वेळ सायंकाळी सातला संपे आणि त्याच तांत्रिक जागेवर प्रौढांची ‘बीबीसी फोर’ सुरू होई. मुलांच्या झोपेची वेळ ध्यानात घेऊन तक्ता बनला. आपल्याकडेही असा विचार झालेला आहे. शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका दाखवण्यात आली. प्रत्येक इयत्तेला दिवसातील ठरलेली वेळ होती. महाजाल नसलेल्या घरातही ठरल्या वेळी पाटी-वही घेऊन बसता येत होते. वेळापत्रक म्हणजे शिस्त, आणि शिस्त म्हणजे मुलासाठी आधार.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अहिराणी ही खानदेशच्या घराघरांतील बोली. बहिणाबाईंच्या लेवा बोलीने मराठीला काय दिले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आखाजीचा झोका, श्रावणातील कानबाईचे रोट, मुक्ताईनगरची वारी, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील आणि समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते: एवढा ठेवा असताना तो केवळ सणाच्या बातमीपुरता दिसावा, हे योग्य नव्हे. आखाजीची गाणी म्हणणाऱ्या आजीबाई आज आहेत. त्यांच्यासाठी चौकोन दहा वर्षांनी मिळाला, तर त्यात बसवायला गाणे उरलेले नसेल.

कुणी म्हणेल, मोबाइल असताना वेळापत्रक कशाला? अहिराणी गाण्यांना तेथे मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला, हे खरे आहे, आणि अभिमानाचे आहे. परंतु मोबाइल ज्याने जे मागितले तेच पुन्हा देतो. न मागितलेले पण आवश्यक असलेले देत नाही. शिवाय तेथे कीटकनाशकाचा चुकीचा सल्ला आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला एकाच रांगेत उभे असतात. सार्वजनिक वाहिनीमागे उत्तरदायित्व असते. प्रसारभारतीचा कायदा १९९० चा. सामान्य नागरिक हाच तिचा धनी आहे.

धन्याने मागितले पाहिजे. प्रत्येक कुटुंबाने एक आठवडा वहीत नोंद करावी: घरात दूरचित्रवाणी संच केव्हा लागतो, समोर कोण असते, कोणती वेळ गैरसोयीची ठरते. शिक्षक, शेतकरी गट, महिला मंडळे आणि ग्रंथालये यांनी या नोंदी तालुकावार एकत्र कराव्यात आणि मुंबई केंद्राकडे लेखी पाठवाव्यात. तक्रारीच्या सुरापेक्षा तयार प्रस्ताव अधिक प्रभावी ठरतो: कोणता विषय, कोणत्या महिन्यात, किती वाजता, कोणत्या बोलीत, आणि कॅमेऱ्यासमोर बोलू शकतील अशी जाणकार माणसे कोणती.

३३६ चौकोन कुणीतरी भरणारच आहे. मागणाऱ्याचा कागद टेबलावर नसेल, तर ते मुंबईच्या घड्याळाप्रमाणे भरले जातील. खानदेशचे घड्याळ खानदेशानेच त्यांच्यापुढे ठेवले पाहिजे.