अधिकार शस्त्राचा, कर्तव्य कोणाचे?

आजच्या विषयाचा प्रारंभ १६ एप्रिल २००७ या दिवसापासून करणे उचित ठरेल. त्या दिवशी सकाळी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने दोन पिस्तुलांतून गोळीबार करून ३२ जणांचे प्राण घेतले आणि अखेर स्वतःचाही अंत करून घेतला. मृतांमध्ये तामिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. महाराष्ट्रातील असंख्य घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. त्यामुळे तेथील शस्त्रनियंत्रणाचा वाद हा दूरदेशीची वार्ता म्हणून बाजूला सारण्याचा विषय राहिलेला नाही.

या वादाचे मूळ अमेरिकन राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. १७९१ मध्ये मंजूर झालेली ही दुरुस्ती अवघ्या एका वाक्याची आहे. वाक्याच्या पूर्वार्धात सुनियंत्रित नागरी सेनेचा उल्लेख आहे, तर उत्तरार्धात शस्त्र बाळगण्याच्या जनतेच्या अधिकाराचा. ब्रिटिश सत्तेशी सशस्त्र लढा देऊन स्वतंत्र झालेल्या त्या समाजाला शस्त्र हे स्वातंत्र्याचे रक्षक वाटले, यात नवल नाही. पुढे मात्र पूर्वार्ध निर्णायक की उत्तरार्ध, असा प्रश्न उभा राहिला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निर्णय दिला की, स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा अधिकार आहे. २०२२ मध्ये न्यायालयाने हा अधिकार घराबाहेरही मान्य केला. हा अधिकार अमर्याद नाही, हेही २००८ च्याच निकालपत्रात नमूद आहे. पण सार्वजनिक चर्चेत त्या वाक्याची आठवण क्वचितच निघते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. शस्त्राधिकाराचे समर्थक म्हणतात की, ज्या खेड्यात पोलीस पोहोचायला तास लागतो, तेथे कुटुंबाचे रक्षण गृहस्थानेच करावयाचे असते. ते इतिहासाचाही दाखला देतात. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील काही राज्यांनी दास्यमुक्त कृष्णवर्णीयांना शस्त्र बाळगण्यास बंदी घातली आणि त्या निःशस्त्र समाजावर अनन्वित अत्याचार झाले. हा युक्तिवाद पोकळ नाही.

नियंत्रणाचे समर्थक आकड्यांकडे बोट दाखवितात. २०१८ मधील एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांजवळ ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या. म्हणजे लोकसंख्येपेक्षाही अधिक. मनोविकार, कौटुंबिक कलह, एकाकीपण जगात सर्वत्र आहे. परंतु अन्य संपन्न देशांत त्याचे पर्यवसान इतक्या मृत्यूंत होत नाही. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. हाही युक्तिवाद पोकळ नाही.

मात्र याच आकड्यात एक सत्य दडलेले आहे. या मृत्यूंपैकी २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या, तर खून सुमारे २१ हजार. शाळा, प्रार्थनास्थळ किंवा बाजारपेठेत घडणारी सामूहिक हत्याकांडे जगाचे लक्ष वेधतात, पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा अल्प असतो. बहुसंख्य मृत्यू बंद दाराआड घडतात. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागत नाहीत, राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरत नाही. निराशेच्या एका घटकेला हाताशी बंदूक असली की ती घटका टळत नाही.

म्हणून ‘दोष बंदुकीचा की माणसाचा’ या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. त्याहून मूलभूत प्रश्न असा की, संकटाची चाहूल कोणाला लागली होती आणि ती लागल्यावर त्याने काय केले?

व्हर्जिनिया टेकच्या त्या विद्यार्थ्याच्या लेखनाने त्याचे अध्यापक अस्वस्थ झाले होते. त्यांनी विद्यापीठात तसे कळविलेही होते. डिसेंबर २००५ मध्ये एका न्यायाधिकाऱ्याने तो स्वतःच्या जिवास धोकादायक असल्याचा निष्कर्ष काढून बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश दिला. केंद्रीय कायद्यानुसार अशा व्यक्तीस बंदूक विकत घेता येत नाही. परंतु व्हर्जिनिया राज्य तेव्हा केवळ रुग्णालयात दाखल करण्याचा आदेश झालेल्यांचीच नावे केंद्रीय नोंदवहीस कळवीत असे. परिणामी दोन्ही पिस्तुले त्याला रीतसर पडताळणी होऊन, परवानाधारक विक्रेत्यांमार्फत मिळाली. कायदा होता, निष्कर्षही होता. दोहोंना जोडणारा धागा नव्हता.

दहा वर्षांनी तेच घडले. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्स येथील चर्चमध्ये एका अजन्मा बालकासह २६ जणांची हत्या झाली. मारेकऱ्याला वायुदलात असताना कौटुंबिक हिंसाचाराबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली होती. ती नोंद वायुदलाने पुढे पाठविलीच नाही. त्याला अडविले ते चर्चजवळ राहणाऱ्या एका नागरिकाने, स्वतःच्या रायफलीनिशी. शस्त्रधारी सज्जन उपयोगी पडतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण तो आला तोवर चर्चमध्ये मृतदेह पडले होते. एक नोंद वेळेवर पोहोचली असती, तर त्या दुकानातून शस्त्र बाहेरच पडले नसते.

चाहूल केवळ कचेऱ्यांनाच लागते असे नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याच्या सहकार्याने १९७४ ते २००० या काळातील ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ८१ टक्के घटनांमध्ये हल्ल्याच्या विचाराची कल्पना निदान एका तरी व्यक्तीस आधीपासून होती. दोनतृतीयांशाहून अधिक हल्लेखोरांनी शस्त्र मिळविले ते स्वतःच्या किंवा नातलगाच्या घरातून. शत्रू कुंपणाबाहेरून आला नव्हता. तो घरातील उघड्या कपाटापाशी उभा होता.

अमेरिकन समाज आता या दिशेने सावकाश पावले टाकीत आहे, असे दिसते. धोका दिसल्यास कुटुंबीयांनी किंवा पोलिसांनी न्यायालयाकडे जावे आणि न्यायालयाने त्या व्यक्तीचे शस्त्र काही काळ काढून घ्यावे, असे कायदे वीसहून अधिक राज्यांत झाले आहेत. जून २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झालेल्या कायद्याने २१ वर्षांखालील ग्राहकांची पडताळणी कडक केली. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी मान्य केले की, ज्याच्यापासून इतरांच्या जिवाला धोका असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला आहे, त्यास तात्पुरते निःशस्त्र करता येते. त्याच वर्षी मिशिगनमध्ये शाळेत चार विद्यार्थ्यांची हत्या करणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी किमान दहा वर्षांचा तुरुंगवास झाला. मुलाची ढासळती मनःस्थिती दिसत असताना त्यांनी त्याच्यासाठी पिस्तूल आणले होते आणि ते कुलूपबंद ठेवले नव्हते.

अधिकार व्यक्तीचा असतो. पण तो निभावला जातो समाजाच्या कर्तव्यबुद्धीवर. वडील कपाटाला कुलूप लावतील, मित्र ऐकलेली गोष्ट योग्य कानावर घालील, कारकून नोंद त्याच दिवशी पाठवील, तरच घटनेतील ते वाक्य सुरक्षित राहील. हे न घडल्यास एक पक्ष अधिकार गमावण्याच्या भीतीने ओरडत राहील, दुसरा मुले गमावल्याच्या दुःखाने.

व्हर्जिनिया टेकमध्ये त्या सकाळी लिव्हिऊ लिब्रेस्कू नावाचे ७६ वर्षांचे प्राध्यापक वर्गात शिकवीत होते. नाझींच्या ज्यू संहारातून ते बालपणी वाचले होते. गोळीबाराचा आवाज येताच त्यांनी वर्गाचे दार आपल्या देहाने रोखून धरले आणि विद्यार्थ्यांना खिडक्यांतून बाहेर उड्या मारण्यास सांगितले. बहुतेक विद्यार्थी वाचले; प्राध्यापक दारातच पडले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. आपले कर्तव्य कोणते, याविषयी मात्र त्यांच्या मनात क्षणाचाही संदेह नव्हता.