चाललंय ना, मग राहू द्या!

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ऑफिसचं रडगाणं बाप्पासमोर गायचं नाही, असं सासूबाईंनी निघताना बजावलंय. पण आपले कार्यवाह म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज काचीगुड्याहून माधापूरला जाऊन नेमकं करता काय, ते एकदा साध्या मराठीत सांगा." तेव्हा थोडं रडगाणं ऐकून घ्यावं लागेल.

आमचं काम म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ आधी लिहिलेलं दुरुस्त करण्यात जातो. त्यासाठी दोन वह्या लागतात. पहिली तक्रारींची: काय बिघडलं, कोणाला दिसलं, कोणी दुरुस्त केलं. तिला बग ट्रॅकर म्हणतात. दुसरी बदलांची: कोणत्या ओळीत, कोणी, कधी आणि कशासाठी बदल केला. ती व्हर्जन कंट्रोल. दोन्ही वह्या अर्थातच संगणकावर असतात.

माझ्या आधीच्या नोकरीत या दोन्ही वह्या जुनाट होत्या. तक्रारवही कंपनीतल्याच कोणीतरी केव्हातरी बनवली होती आणि ते गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेले होते. तिच्यात क्रमांक ठाऊक असेल तरच तक्रार सापडायची. त्यामुळे आम्ही संगणकातल्या तक्रारींचे क्रमांक कागदाच्या डायरीत लिहून ठेवायचो! आवृत्तीच्या यादीत नवी नावं घालता येत नसत, म्हणून सगळे 'इतर' निवडायचे. वर्षभरात निम्म्या तक्रारी 'इतर' झाल्या.

बदलांची वही म्हणजे सीव्हीएस. 1986 मध्ये जन्मलेली ही व्यवस्था तिच्या काळात फार उपयोगी होती. पण ती प्रत्येक फाइलचा हिशेब वेगळा ठेवते. एका दुरुस्तीसाठी नऊ फाइल्स बदलल्या, तर त्या नऊ मिळून एकच काम आहे हे तिला कळत नाही. फाइलचं नाव बदललं, की नव्या नावाखाली इतिहास पहिल्यापासून सुरू. कोणाचा संगणक मध्येच बंद पडला, तर त्याचं कुलूप तसंच राहायचं आणि आम्ही सगळे 'वाट पाहत आहे' ही ओळ बघत बसायचो.

2005 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट तयार केलं. तेही मोफत. त्यात अनेक फाइल्समधला बदल एकत्र, एकच नोंद म्हणून बसतो. गेला तर सगळा, नाहीतर काहीच नाही. मी दरवर्षी गिटचा विषय काढायचे आणि साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं: "चाललंय ना? मग राहू द्या."

मग 2014 मध्ये एक गोष्ट घडली. आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा होता, अजून कायम न झालेला. बिलांवरच्या सवलतीची एक दुरुस्ती त्यानं केली. नऊ फाइल्स होत्या. संध्याकाळी त्या पाठवताना नेटवर्क तुटलं. सहा गेल्या, तीन राहिल्या. शेवटी चुकीची सूचना आली होती, पण कंपनीची शेवटची बस गाठायच्या घाईत त्यानं ती पाहिली नाही. रात्री तेच अर्धं काम ग्राहकाकडे गेलं आणि सकाळी बिलांवर सवलत दोनदा लागू लागली.

मीटिंगमध्ये तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मी सगळ्या फाइल्स पाठवल्या होत्या." वही उघडली, तर बिघडलेल्या ओळीपुढे त्याचंच नाव. सगळ्यांनी मान डोलावली. टीम लीड म्हणून मीसुद्धा चारचौघांत त्याला सुनावलं. त्याचं कायम होणं लांबणीवर पडलं.

चार दिवसांनी मी एकेका फाइलची वेळ कागदावर मांडली. सहा फाइल्स एकाच मिनिटाच्या. तीन नोंदी मुळी नाहीतच. त्या त्याच्या संगणकावर जशाच्या तशा, बरोबर दुरुस्त केलेल्या होत्या. सूचना न वाचण्याची चूक त्याची होतीच. पण अर्धं काम बिनबोभाट स्वीकारणारी व्यवस्था आम्ही राखली होती आणि शिक्षा एकट्या त्याला झाली होती. त्याच मीटिंगच्या खोलीत, त्याच माणसांसमोर मी त्याची माफी मागितली. साहेबांना लेखी कळवलं. पुढच्या महिन्यात तो कायम झाला. गिट यायला मात्र आणखी दोन वर्षं लागली.

आलं तेही हळूहळू. आधी एक छोटं काम नव्या वहीत नेलं, जुनी वही फक्त वाचण्यापुरती ठेवली आणि एक नियम केला: तक्रारीचा क्रमांक आणि कारण लिहिल्याशिवाय बदल करायचा नाही. या नियमाला पैसा लागत नाही. तो जुन्या वहीतही पाळता आला असता, हे मला उशिरा सुचलं.

आपले खजिनदार काका हे वर्षानुवर्षं करत आलेत. वर्गणीच्या वहीत चूक झाली, तर ते व्हाइटनर लावत नाहीत. आकड्यावर एक रेघ, बाजूला बरोबर आकडा, तारीख आणि सही. चूक दिसते, दुरुस्तीही दिसते, आणि कोणावर खोटा आळ येत नाही. उलट आपल्या कार्यक्रमांची यादी बघा! परवा माझ्या फोनवर 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'हीच फायनल' अशा तीन आल्या. त्यामुळे दोन मुलींचं नृत्य छापायचं राहिलं आणि बोलणी बसली टाइप करणाऱ्या ताईंना.

व्यासांनी सांगितलं ते बाप्पानं लिहिलं, पण अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, या अटीवर. आमच्या वहीत कितीतरी नोंदींपुढे नुसतं 'दुरुस्त केलं' असं आहे. काय आणि का, ते कोणालाच आठवत नाही. तेव्हा एवढीच विनंती. तुमच्या दुकानात, ऑफिसात, सोसायटीत कोणी तरुण म्हणाला, "ही पद्धत आता बदलायला हवी," तर "चाललंय ना?" म्हणण्याआधी त्याला विचारा, की तिचा त्रास नेमका कोणाला होतोय.

गणपती बाप्पा मोरया!